रिव्हॉल्व्हरची मूठ हाताला बसते का? झटका, पकड आणि नेम तपासण्याची रीत

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत परवान्याची रिव्हॉल्व्हर असलेली घरं मोजकीच. जुने मालगुजार, पेट्रोल पंपवाले, कापसाच्या हंगामात रोकड घेऊन फिरणारे व्यापारी, निवृत्त फौजी, एखादा ठेकेदार. त्यातल्या बऱ्याच जणांकडे कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ बोअरची रिव्हॉल्व्हर असते आणि तक्रारही ठरलेली असते: "भाऊ, गोळी सुटली का आंगठ्याच्या बुडाले ठणका बसते, आन् निशाणा त कुठच्या कुठं जाते." मग कोणी काडतुसाला दोष देतो, कोणी चष्म्याचा नंबर बदलून घेतो, कोणी थेट दुसरी महागडी रिव्हॉल्व्हर बघायला लागतो.

मूठ मात्र कोणी बघत नाही. खरं तर तिच्यात भरलं जाणारं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६ सालापासूनचं काडतूस अंगाने सौम्य आहे. गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या जरा वर. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत नेमबाज हेच काडतूस पसंत करतात, कारण ते हात बिघडवत नाही. एवढं मवाळ काडतूस हाताला लागत असेल, तर दुखणं बहुतेक वेळा काडतुसात नसून मूठ आणि हात यांच्या जुळणीत असतं. ही जुळणी कशी तपासायची आणि कमी खर्चात कशी सुधारायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

हे सगळं स्वसंरक्षणासाठी परवाना असलेल्या रिव्हॉल्व्हरबद्दल आहे. रानडुकराच्या त्रासापायी जे रिव्हॉल्व्हरकडे बघतात त्यांनी तो विचार सोडावा. त्या कामाला हे हत्यार नाही, आणि वनखात्याच्या परवानगीचा मामला वेगळाच आहे.

झटका जातो कुठे

गोळी पुढे जाते तितक्याच जोराने रिव्हॉल्व्हर मागे येते. हा जोर काडतूस ठरवतं, मूठ नाही. मुठीने तो कमी होईल असं सांगणारा दुकानदार भेटला तर हसून पुढे जा. मूठ ठरवते ते एवढंच: तो जोर हाताच्या किती भागावर पसरणार, कुठे टेकणार, आणि नळीचं तोंड वर किती उडणार.

वजनाचा हिशेब मात्र आधी समजून घ्यावा. काडतूस तेच असेल तर झटक्याची ऊर्जा हत्याराच्या वजनाच्या उलट प्रमाणात बदलते. सातशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरशी पाचशे ग्रॅमची तुलना केली तर हलकीची ऊर्जा जवळपास ४० टक्क्यांनी जास्त येते. २०१४ साली आलेली 'निर्भीक' ही महिलांसाठीची कानपूरचीच .३२ अर्धा किलोच्या आसपास भरते. पर्समध्ये ठेवायला ती सोयीची, पण हातात जास्त उड्या मारणार हे तिच्या वजनातच लिहिलेलं आहे. हलक्या हत्याराला म्हणून मूठ अधिक नीट लागते.

आता आकार. नळी हाताच्या वर असते, त्यामुळे मागे येणारा जोर नुसता ढकलत नाही, मनगटाभोवती फिरवतोही. नळीची मध्यरेषा आणि अंगठा-तर्जनीमधली बेचकी यांत जितकं अंतर जास्त, तितकं तोंड वर उडणार. हात शक्य तितका वर धरायला सांगतात तो याचसाठी. मात्र इतका वर नको की मागे येणारा हॅमर (घोडा) बेचकीला चिमटा घेईल.

१८७३ च्या कोल्टची मूठ बाकदार, खाली निमुळती वळलेली. अमेरिकेत तिला नांगराची मूठ म्हणत; रुमणं धरलेल्या माणसाला तो बाक न सांगता कळेल. ही मूठ झटक्याला अडवत नाही, हातात गोल फिरू देते. बराच जोर त्या फिरण्यात खर्च होतो आणि हॅमर आपसूक अंगठ्याजवळ येतो. दर गोळीला अंगठ्याने हॅमर ओढावा लागणाऱ्या हत्याराला हे सोयीचं. पण नुसता ट्रिगर ओढून झाडायच्या रिव्हॉल्व्हरला हेच गैरसोयीचं ठरतं, कारण प्रत्येक गोळीनंतर पकड सरकते आणि परत बसवावी लागते. म्हणून इंग्रजांच्या वेब्लीत मुठीच्या पाठीवर, अगदी वरच्या टोकाला, उंचवटा ठेवला. बेचकी त्या उंचवट्याखाली अडकते आणि हत्यार हातातून वर चढत नाही. वेब्लीच्या जुन्या मार्कांची मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी वळलेली होती. १९१५ च्या मार्क ६ ला चौकोनी बुडाची, भरदार मूठ आली. पुढे इंग्रजांच्याच एन्फिल्ड नंबर २ रिव्हॉल्व्हरच्या १९३८ च्या सुधारणेत मुठीच्या दोन बाजूंच्या फळ्यांवर अंगठ्यासाठी खोलगट जागा केली, कारण त्या हत्याराला हॅमर अंगठ्याने ओढायची सोयच ठेवली नव्हती. ट्रिगर लांबवर ओढताना हात डळमळू नये एवढाच हेतू.

तिकडे स्मिथ अँड वेसनने १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम काढली तेव्हा लाकडी फळ्या फ्रेमच्या, म्हणजे पोलादी सांगाड्याच्या, माथ्यापर्यंत वर नेल्या. पोलादाची अरुंद कड बेचकीत रुतायची, तिथे आता रुंद लाकूड टेकू लागलं. जोर तेवढाच राहिला, पण टोचणं कमी झालं. आपल्या कामाची सगळ्यात मोठी शिकवण हीच आहे.

काम सुरू करण्याआधी

रिव्हॉल्व्हर उघडा, काडतुसं काढा, सगळी घरं बोटाने चाचपा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. त्याच टेबलावर बाजूला सरकवलेली काडतुसं म्हणजे 'रिकामी' नव्हे. कानपूरची .३२ मधोमध दुमडून उघडणाऱ्या वेब्लीच्या घराण्यातली आहे, त्यामुळे सिलिंडर एका नजरेत दिसतो. तरी बोट फिरवाच. नेम धरायच्या चाचण्या मातीने गच्च भरलेल्या पोत्यांच्या थप्पीकडे तोंड करून करा. कुडाच्या किंवा पत्र्याच्या भिंतीपलीकडे कोण बसलंय, ते तुम्हाला माहीत नसतं.

जुन्या बनावटीत काडतुसावर आपटणारी पिन हॅमरलाच असते. रिकाम्या घरावर ती सारखी आपटू नका, ती तुटते. नकली काडतुसं, म्हणजे स्नॅप कॅप, मिळवा.

हाताचं माप

दोन मापं लागतात. पहिलं म्हणजे पोहोच. रिव्हॉल्व्हर धरा, नळी आणि कोपरापुढचा हात एका सरळ रेषेत आला पाहिजे. शेजारी कोणाला तरी वरून बघायला सांगा, स्वतःला ते नीट दिसत नाही. आता तर्जनी ट्रिगरवर ठेवा. लांब ओढीच्या ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर, किंवा पेर आणि पहिल्या सांध्याची घडी यांच्या मधली जागा यावी. नुसतं टोक पोहोचत असेल तर मूठ तुम्हाला जाड आहे. मग माणूस नकळत मूठ तळहातात फिरवून घेतो, झटका बेचकीतून सरकून अंगठ्याच्या सांध्यावर येतो, आणि तो आंगठ्याच्या बुडाचा ठणका सुरू होतो. उलट बोट दुसऱ्या सांध्यापर्यंत आत जात असेल तर मूठ बारीक. उजव्या हाताच्या माणसाचं बोट कमी पोहोचलं तर गोळ्या बहुधा डावीकडे जातात, जास्त आत गेलं तर उजवीकडे.

दुसरं माप घेराचं. मूठ आवळल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या बुडाच्या गादीला जेमतेम शिवावं. नखं तळहातात रुतत असतील तर घेर कमी आहे. करंगळीही बघा. छोट्या रिव्हॉल्व्हरला ती बुडाखाली लोंबते. त्यात काही बिघडत नाही, पण ती अर्धवट कडेवर टेकली आणि ट्रिगर ओढताना तीही आवळली गेली, तर नळीचं तोंड खाली झुकतं. गोळ्या सारख्या खाली जाणाऱ्यांनी आधी करंगळी तपासावी.

शेतात राबलेल्या हातांबद्दल एक गोष्ट. घट्टे पडलेल्या तळहाताला टोचणं उशिरा कळतं, म्हणून "मले काई होत नाही" यावर विसंबू नये. हात गप्प राहिला तरी गोळ्या कागदावर बोलतातच.

खडूची भुकटी

ही चाचणी फुकटात होते आणि भरवशाची आहे. शाळेतला खडू कुटून बारीक करा, तळहाताला चोळा, रिव्हॉल्व्हर झाडताना धरतो तशीच घट्ट धरा आणि सोडा. मुठीवर कुठे पांढरं उठलं आणि कुठे कोरं राहिलं ते दिसेल. चांगल्या जुळणीत पाठीवर वरपासून खालपर्यंत सलग पट्टा उठतो, दोन्ही बाजूंना बोटांचे आणि अंगठ्याच्या गादीचे ठसे येतात.

बहुतेकांना दोन जागा कोऱ्या सापडतील. एक ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) मागची पोकळी. मधलं बोट तिथे अधांतरी असतं, झटक्यासरशी गार्ड खाली येऊन त्याच्या पेरावर आदळतो. पेर काळंनिळं पडणाऱ्यांचं दुखणं हेच, आणि त्याचा इलाज सगळ्यात सोपा: ती पोकळी भरणे. अमेरिकेत यासाठी फ्रेमला अडकवायचा छोटा धातूचा तुकडा खूप वर्षांपासून मिळतो. आपल्याकडे नवीन फळ्या करताना पुढे लाकडाचं पोट सोडलं की तेच काम होतं.

दुसरी जागा पाठीची. तिथे फक्त मधोमध एक बारीक पांढरी रेघ उठली, तर सगळा झटका त्या रेघेवर येतोय असं समजा. फळ्या पोलादी पाठीपेक्षा खाली बसल्या की असं होतं. फळीची कड पोलादाच्या बरोबरीला किंवा केसभर वर हवी.

खडू पुसून टाका, मग कोरड्या ब्रशने सांधे झाडा. खडू ओल धरतो आणि ओल गंज आणते.

डोळे मिटून नेम

पोत्यावर टिकली एवढी खूण करा. रिकामी रिव्हॉल्व्हर खाली धरून उभे राहा, खुणेकडे बघा, डोळे मिटा, हत्यार सहज वर आणा, डोळे उघडा. काही वेळा करून बघा. पुढचा साइट (नळीच्या टोकावरची माशी) दरवेळी खुणेच्या वर दिसत असेल तर मुठीचा खालचा भाग तुमच्या हाताला मागे कललेला आहे किंवा तळव्याकडे भरपूर भरला आहे. खाली दिसत असेल तर बुडाशी भर कमी आहे. डावी-उजवीकडे दिसत असेल तर मूठ हातात फिरते आहे, म्हणजे पोहोचीच्या मापाकडे परत जा. सावकाश नेम धरताना डोळे ही चूक दुरुस्त करून घेतात. घाईत करत नाहीत, आणि रिव्हॉल्व्हर घाईसाठीच ठेवलेली असते.

लाकडाला हात लावण्याआधी ट्यूब आणि शाडू

सायकलच्या जुन्या ट्यूबचा तीन-चार इंची तुकडा मुठीवर चढवा. घेर थोडा वाढतो, बोटं सरकत नाहीत आणि पाठीच्या कडा मऊ होतात. बारीक मुठीच्या अनेक तक्रारी इथेच संपतात. फक्त हॅमर, ट्रिगर आणि उघडायची कळ ट्यूबला घासत नाहीत ना, ते बघा. जाड मुठीवर मात्र ट्यूब घालू नका. पोहोच आणखी कमी होईल.

भर नेमकी कुठे हवी ते कळायला शाडूची माती उत्तम. मुठीवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, त्यावर मऊ शाडूचा थर द्या आणि झाडताना धरता तसं आवळून धरा. जास्तीची माती बोटांमधून बाहेर येईल, पोकळ्या भरतील. ती अलगद सुटी करून सावलीत वाळवा. हा तुमच्या हाताचा साचा. सुताराला हजार शब्द सांगण्यापेक्षा तो हातात द्या. एक इशारा: प्रत्येक बोटाला खोल खाच करून घेऊ नका. थंडीत हात आवळतो, उन्हाळ्यात सुजतो, आणि घाईत मूठ कधीच जिथल्या तिथे पकडली जात नाही. मग बोट खाचेऐवजी दोन खाचांमधल्या उंचवट्यावर बसतं. माझ्या मते बोटांच्या खाचा दिसायला छान आणि कामाला वाईट.

कोणतं लाकूड

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाच्या तोंडी पहिलं नाव सागवानाचंच येणार. बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं, त्याचा अभिमान रास्तच आहे. पण रिव्हॉल्व्हरच्या फळ्या कडेला दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या असतात आणि सागवान अशा पातळ कडेला रेषेवरून चिरतो. शिसम जास्त दाट आणि कठीण. पातळ कड टिकवतो, वजनातही थोडी भर घालतो, आणि ती भर झटक्याच्या बाजूने आपल्याच कामी येते. जुन्या दारखिडकीतलं, नीट मुरलेलं शिसम मिळालं तर सोनं. ओलं लाकूड अजिबात नको, कारण मे महिन्यातल्या ४५ अंशांत ते आकसतं आणि पावसाळ्यात फुगून स्क्रूभोवती तडकतं.

परदेशी रबरी ग्रिप कानपूरच्या फ्रेमवर सहसा बसत नाहीत, म्हणून त्यांच्या मागे धावू नका. रबर पाठ पूर्ण झाकतं, टोचणं खरंच कमी करतं, पण पाठीवरचा तो थर पोहोचही वाढवतो. लहान हाताच्या माणसाचं एक दुखणं जाऊन दुसरं येतं. शिवाय रबर सदऱ्याला चिकटून वर ओढतं, आणि बंदुकीच्या तेलाने कालांतराने पिलपिलीत होतं.

पृष्ठभाग गुळगुळीत असावा की जाळी कोरलेली? आपल्याकडच्या घामात गुळगुळीत पॉलिश निसटतं. बाजूंना बारीक जाळी असू द्या, पण पाठीवर आणि बेचकीपाशी ती नको. तिथे ती कानशीसारखी घासते.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा. पूर्व विदर्भात जवस पिकतो, घाण्याचं तेल मिळतं, आणि बंदुकांच्या दस्त्यांना पूर्वापार हेच लावत आले आहेत. कच्चं तेल वाळायला दिवस लागतात, म्हणून थेंबभर घेऊन तळहाताने चोळा, उरलेलं पुसा, पूर्ण वाळल्यावर पुढचा हात. जाड थर दिला तर चिकट साय धरते आणि निघता निघत नाही. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर सुट्या पसरा. गोठ्यात कुटार भरलेलं असेल तर हे दोनदा वाचा.

सुताराचं काय, आर्मोररचं काय

फळी घडवणं सुताराला जमतं. ती फ्रेमवर बसवणं परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडेच, म्हणजे आर्मोररकडेच, करून घ्या. फळ्या काढल्या की हॅमरला जोर देणारी मेनस्प्रिंग उघडी पडते, तिला हात लागता कामा नये. सुताराकडे हत्यार ठेवून यायचं नाही. जुन्या फळ्या नमुना म्हणून द्या, किंवा सोबत बसा. तुमचं शस्त्र परवाना नसलेल्याच्या ताब्यात देणं हा शस्त्र कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. फ्रेमच्या पोलादाला कानस लावायची नाही. नंबर खोडला जाईल असं काही तर स्वप्नातही नाही.

जुन्या फळ्या जपून ठेवा.

रेंजवर

तपासणी अधिकृत रेंजवरच. धुऱ्यावर किंवा विहिरीकडे तोंड करून 'दोन टाकून बघतो' हे परवाना घालवायचे उद्योग. लग्नाच्या वरातीत झाडणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले आहेत.

एकाच बॅचची काडतुसं घ्या. आधी सात मीटरवर जुन्या मुठीने पाच गोळ्या, नव्या कागदावर नव्या मुठीने पाच. मध्यावर किती लागल्या यापेक्षा पाची गोळ्या किती जवळ पडल्या ते बघा. मुठीचा गुण घोळक्याच्या आकारात दिसतो. एका वेळी एकच बदल करा. ट्यूबही काढली आणि उभं राहायची पद्धतही बदलली, तर कशाने काय झालं ते कळणार नाही. दुसरा हात वापरताना त्याची बोटं सिलिंडरच्या पुढच्या फटीजवळ नेऊ नका, तिथून तप्त वायू बाहेर पडतो.

घोळका लहान झाला पण सगळाच वर किंवा खाली सरकला, तर घाबरू नका. गोळी नळीत असतानाच, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, हत्यार फिरायला लागलेलं असतं. पुढचा साइट उंच ठेवून कारखान्याने हे आधीच जमेस धरलेलं असतं. पकड बदलली की ते फिरणं बदलतं, आणि गोळीची जागाही. म्हणून पुढचा साइट लगेच घासायला घेऊ नका. नव्या मुठीची सवय होऊ द्या, आणखी एक-दोन वेळा रेंजवर जा. तरीही घोळका एकाच जागी सरकलेला राहिला तर आर्मोररला विचारा. घासलेला साइट परत उंच होत नाही.

घरी सराव करायचा तर स्नॅप कॅप घालून पुढच्या साइटमागे नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि ट्रिगर ओढा. नाणं पडलं तर कोणत्या बाजूला पडलं ते लक्षात ठेवा.

बसवल्यानंतर

फळ्या भरदार झाल्या की जुनं चामडी होल्स्टर बऱ्याचदा घट्ट होतं; वरचा पट्टा अंगठ्याने एका झटक्यात सुटतो का, हे रिकाम्या हत्याराने बघा. नव्या लाकडाचे स्क्रू सुरुवातीच्या प्रत्येक रेंज फेरीनंतर तपासा, झटक्याने ते ढिले होतात. घट्ट करताना जोर लावू नका, शिसमही चिरतो. आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा करावं लागलं, तर पावतीवर नंबर नीट लिहून घ्या. परत आल्यावर आधी फळ्या हलवून बघा: आठवडेन् आठवडे बंद खोलीत पडलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं, आणि अर्धा फेरा ढिली झालेली फळी झाडताना बेचकीत तशीच टोचते जशी जुनी टोचत होती.